माहितीची राखण आणि आपल्या मुली

(आटपाडी इथं बचत गटांतल्या बाया, शिक्षिका आणि कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘सायबर सुरक्षा : शिक्षण आणि रोजगार’ असा छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, की हा विषय आपला कसा? पाणी, रेशन, दारू, नवऱ्यानं टाकलेल्या बायांची पोटगी, हे आपले विषय. संगणकाचं ते पुण्या-मुंबईकडच्या इंजिनिअर लोकांचं. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

आपल्या गटाची वही आता फोनमध्ये आली आहे. बँकेचं खातं फोनला जोडलं आहे, आधार फोनला जोडलं आहे, २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे पंधराशे रुपये आल्याचा निरोपही फोनवरच येतो. ज्या बाईच्या नावावर कधी सात-बारा आला नाही, तिच्या नावावर आता खातं आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण जिथं बाईच्या हाती काही येतं, तिथं ते काढून घेणाराही येतो, हा आपला जुना अनुभव. २०२४ या एका वर्षात देशभरातल्या लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले, असं केंद्र सरकारनंच लोकसभेत सांगितलं. हा नोंदवलेला आकडा. ज्या बाईनं घरच्यांच्या भीतीनं तोंडच उघडलं नाही, तिचे चार हजार रुपये त्यात नाहीत.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०२४ साली एका जोडप्यानं दुसऱ्यांचे आधार क्रमांक वापरून ‘लाडकी बहीण’चे तीस अर्ज भरल्याचं उघडकीला आलं. म्हणजे खरी बाई अर्ज भरायला गेली, की तिला कळणार, तुझा अर्ज आधीच आला आहे! कर्ज देणाऱ्या ॲपचा अनुभवही काहीजणींना आहे. पाच हजाराचं कर्ज द्यायचं, फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलायचे, हप्ता चुकला की फोटोत फेरफार करून तो नातेवाइकांना पाठवायचा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केला, की कर्ज देणाऱ्या ॲपनं ग्राहकाचे फोटो आणि नंबरांची यादी उघडता कामा नये. नियम झाला, पण तो आपल्यापर्यंत कोणी पोचवला?

तेव्हा विषय आपलाच आहे. पण मला आज नुसतं ‘फसू नका, ओटीपी सांगू नका’ एवढं सांगायचं नाही. ते तुम्ही दहा वेळा ऐकलं आहे. मला विचारायचं आहे ते वेगळं. या सगळ्या माहितीची राखण करण्याचं एक मोठं काम जगात उभं राहिलं आहे. त्याला पगार आहे, मान आहे. ते काम आपल्या मुलींना का मिळू नये? आणि मिळायचं तर वाटेत काय काय अडवतं?

आधी घरातली अडवणूक बघू. समुपदेशनासाठी आलेली एक मुलगी सांगते. नाव-गाव सांगत नाही. बी.एस्सी.ला, विषय संगणक. तिचा फोटो उचलून कोणीतरी तिच्या नावानं खोटं खातं काढलं आणि घाणेरडा मजकूर टाकायला सुरुवात केली. घरात कळल्यावर पहिलं काय झालं? तिचा फोन काढून घेतला. दुसरं, कॉलेज बंद. तिसरं, स्थळं बघायला सुरुवात. गुन्हा करणारा मोकळा, आणि तीनही शिक्षा तिला! आई रडून म्हणत होती, ‘तिच्या भल्यासाठीच करतोय ओ ताई.’ त्या माउलीवर मी रागावणार नाही. गावात बोलणी तिलाच खावी लागतात.

आम्ही तिच्याबरोबर बसून खात्याचे फोटो काढून ठेवले, पत्ता लिहून घेतला, पोर्टलवर आणि मग पोलिसांत तक्रार केली. खातं बंद झालं. यात तीन-चार आठवडे गेले. पण खरी लढाई घरातली होती, कॉलेज पुन्हा सुरू करण्याची. ती गटातल्या बायांनी घरी चार-चार चकरा मारून जिंकली. पोलिसांनी किंवा कुठल्या ॲपनं ती जिंकली नाही.

आटपाडीच्या माणसाला तरी ही गोष्ट समजायला हवी. आपल्या गावाशेजारी स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ साली इथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंती नाहीत, कुलपं नाहीत, कैदी शेती करणार आणि बायकापोरांसह राहणार. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा सिनेमा त्यावरून सुचला. शिक्षा झालेल्या माणसांवर ज्या मातीनं विश्वास टाकला, तिथं निरपराध मुलीला मात्र आपण कोंडून ठेवतो आणि त्याला तिची सुरक्षा म्हणतो.

आता हे काम आहे तरी काय, ते साध्या शब्दांत सांगते. बँक असो, दवाखाना असो की कारखाना, तिथल्या संगणकावर कोण आलं, कोण गेलं, काय उघडलं, याची नोंद आपोआप होत असते. दिवसाला हजारो ओळी. त्या नोंदींवर डोळा ठेवून ‘ही ओळ काहीतरी वेगळी दिसते’ हे ओळखणारी माणसं चोवीस तास, तीन पाळ्यांत बसलेली असतात. हे झालं देखरेखीचं काम. दुसरं, मालकाच्या परवानगीनं त्याच्याच घराच्या कड्या-कोयंडे हलवून बघायचे, कुठून चोर शिरेल ते शोधायचं. तिसरं, नियम पाळले जातात का याची तपासणी, म्हणजे हिशेबतपासनिसासारखं काम. चौथं, गुन्हा झाल्यावर फोन आणि संगणकातून पुरावा काढायचा. पाचवं, लोकांना शिकवायचं. यातल्या काही कामांना प्रोग्रामिंग पक्कं लागतं. बाकीच्यांना संगणकांचं जाळं कसं चालतं याची समज, तांत्रिक इंग्रजी वाचायची सवय, चिकाटी आणि संशयी नजर लागते.

आपल्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. ढीगभर केरातून, मिसळीतून सोन्याचा कण वेगळा काढायचा, हे त्यांचं कसब. नोंदी वाचायचं काम त्याच जातीचं आहे. आणि ते बायांना जमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कचं नाव सांगा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम तिथं चाललं, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत साधारण तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. युद्ध संपलं, बाया घरी गेल्या, आणि पुढं हा धंदा पुरुषांचा ठरला. आज जगभर या क्षेत्रात बायांचं प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपास आहे. म्हणजे प्रश्न अकलेचा नाही, दाराचा आहे.

काम खरंच आहे का, की नुसती जाहिरात? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम घातले, २०१९ च्या डिसेंबरात ते आणखी कडक केले. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेनं सांगितलं, की हल्ला झाला तर सहा तासांत कळवा आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवा. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. हे सगळं करायला माणसं लागतात. सांगली-सातारा म्हणजे सहकारी बँका, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांचा मुलूख. ही माणसं आपल्याच भागात लागणार आहेत.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसं तयार करायचं उद्दिष्ट लिहिलं होतं. माहिती सुरक्षेच्या शिक्षणाचा केंद्राचा प्रकल्प २००५ पासून टप्प्याटप्प्यानं चालू आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट, ‘डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया’ आणि केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स खातं यांनी मिळून ‘सायबरशिक्षा’ हा कार्यक्रम खास इंजिनिअर झालेल्या मुलींसाठी काढला : चार महिन्यांचं प्रशिक्षण आणि मग नोकरीसाठी गाठ घालून देणं. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम दिला. पुण्याच्या ‘क्विक हील’चे संस्थापक काटकर बंधू मूळचे सातारा जिल्ह्यातले. थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि धाकट्याला, संजयला, संगणक शिकवला. त्यांच्या कंपनीच्या फाउंडेशनचा एक उपक्रम मला उपयोगाचा वाटतो. कॉलेजातल्या मुला-मुलींना आधी तयार करतात आणि मग ती शाळाशाळांत जाऊन मराठीतून सायबर सुरक्षा शिकवतात. शिकवताना त्यांचा स्वतःचा विषय पक्का होतो, चारचौघांत बोलायची भीड चेपते.

अमेरिकेत २००० सालानंतर सरकारनं एक योजना चालवली. विद्यार्थ्याची सायबर सुरक्षेच्या शिक्षणाची फी आणि राहण्याचा खर्च सरकार देतं, त्या बदल्यात तेवढीच वर्षं त्यानं सरकारी कार्यालयात काम करायचं. ऐकल्यावर मला वाटलं, यात आपल्याला नवं काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ हे तिथलंच. आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडलं. शिक्षण आणि काम यांची सांगड आपल्याच जिल्ह्यांनी घातली. फक्त तेव्हा तिचं केंद्र खेड्यातलं गरीब पोर होतं. आज केंद्र कुठं आहे?

इथंच माझा मुख्य मुद्दा येतो. टेंभूचं पाणी कृष्णेतून उचललं, टप्प्याटप्प्यानं वर चढवलं. पण पाणी कालव्याला आलं म्हणजे प्रत्येकीच्या शेतात आलं असं होतं का? १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांच्याबरोबर दुष्काळी तेरा तालुक्यांतले लोक भांडले ते याचसाठी, समन्यायी वाटपासाठी. खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण बांधणाऱ्यांनी तर भूमिहीनालाही पाण्याचा वाटा हवा असं म्हटलं. शिक्षणाच्या योजनांचंही पाण्यासारखंच आहे. योजना दिल्लीत, करार पुण्यात, आणि आटपाडीत फक्त बातमी.

गळती कुठं होते ते मोजून सांगते. पहिली गळती अकरावीला. गणित-विज्ञान घेतलं तर शिकवणी लागेल, म्हणून मुलीला कला शाखा आणि मुलाला विज्ञान. दुसरी गळती गाव सोडताना. राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये निर्णय केला, की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. चांगला निर्णय. पण सांगली, कोल्हापूर, पुणे, कुठंही गेलं तरी मुक्काम आला. खोली, खानावळ, लॅपटॉप, एसटी यांचं काय? मेंढरामागं फिरणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी फी माफ झाली म्हणून पुण्यात कशी राहील? तिसरी गळती उमेदवारीच्या वेळी. पदवीत आता कामाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो, पण बिनपगारी उमेदवारी ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच परवडते. चौथी गळती रात्रपाळीची. आणि या सगळ्यांवर लग्नाचं वय झालं ही टांगती तलवार आहेच.

या गळतीत आणखी एक जमात फिरते. ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर व्हा, शंभर टक्के नोकरी’ असे फलक तालुक्याच्या गावी लागतात. तीस हजार, पन्नास हजार भरून घेतात, हप्ते लावून देतात, हाती प्रमाणपत्र येतं आणि नोकरी येत नाही. ज्या विषयाचा हेतूच फसवणूक ओळखणं, त्याच्या नावानं ही फसवणूक! पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. शिकवणारा कोण आणि त्यानं स्वतः कुठं काम केलं आहे? मागच्या वर्षीच्या मुली कुठं लागल्या, आणि त्यांच्याशी आम्हाला बोलता येईल का? नोकरी लागली नाही तर पैसे परत करणार का? उत्तर तोंडी मिळालं तर पैसे खिशात ठेवा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की शिक्षणसंस्था आणि कंपन्या यांच्या भागीदारीत तिसरा भागीदार बसला पाहिजे, तो म्हणजे बायांची संघटना. करार होतो तेव्हा प्राचार्य आणि कंपनीचा माणूस सह्या करतात, फोटो छापून येतो. मुलीच्या बाजूनं बोलणारं कोणी त्या टेबलाशी नसतं. आपण तिथं बसलो तर काय मागू?

पहिलं, करार मराठीतून वाचायला द्या. किती मुलींना घेणार, विद्यावेतन किती, नोकरी देणार की नुसता दाखला, हे त्यात लिहा.

दुसरं, उमेदवारी शक्यतो इथल्या इथं सुरू करा. तालुक्यातली पतसंस्था, बँकेची शाखा, दूध डेअरी, मोठा दवाखाना, पंचायत समिती, यांच्याकडं संगणक आहेत आणि राखण कोणाची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली तीन महिने तिथं काम करावं : पासवर्डची शिस्त, माहितीची दुसरी प्रत ठेवणं, कर्मचाऱ्यांना खोटी मेल ओळखायला शिकवणं. ग्राहकांची गुप्त माहिती मात्र तिच्या एकटीच्या हवाली करायची नाही, उद्या काही झालं तर आळ तिच्यावर यायला नको. या कामाला मानधन द्यायचं. बिनपगारी नाही.

तिसरं, वसतिगृह आणि प्रवास. फी माफीच्या पुढचा खर्च कोण देणार, हे कंपनीला आणि जिल्हा प्रशासनाला विचारायचं.

चौथं, कामाच्या जागची सुरक्षितता. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ उमेदवारालाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवीच, त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. रात्रपाळीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणं रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं, आणि तिच्या संरक्षणाची व घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘मुलींना रात्री नको’ असं म्हणून नोकरीच नाकारायची, ही पळवाट झाली. गाडी द्या आणि नोकरी द्या.

पाचवं काम आपलं स्वतःचं. प्रत्येक गटानं दोन बाया नेमाव्यात. पैसे गेले तर तासाच्या आत १९३० वर फोन लावायचा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता. फोटोचा, छळाचा मामला असेल तर पुरावा पुसायचा नाही. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बायांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची माहिती नाव न सांगताही देता येते. चोरून पाठलाग करणं, खासगी क्षण टिपणं हे भारतीय न्याय संहितेत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हे आहेत. पोलीस ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले तरी तक्रार नोंदवून पुढं पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि या दोन बायांच्या जोडीला कॉलेजातली एक मुलगी घ्यायची. ती तंत्र सांगेल, तुम्ही तिला पोलीस ठाण्यात ताठ उभं राहायला शिकवाल. मघाशी जिची हकिगत सांगितली, ती मुलगी आज आपल्या आईच्या गटात हेच काम करते. तिला नोकरी अजून लागलेली नाही. पण घरात आता लग्नाच्या आधी नोकरीचं बोलणं निघतं.

शेवटी एक शंका तुमच्या मनात असेल, ती मीच बोलून टाकते. कंपन्यांशी हातमिळवणी आपण का करायची? त्यांना स्वस्तात मनुष्यबळ हवं आहे. खरं आहे. म्हणूनच एकट्या मुलीला त्यांच्या दारात पाठवायचं नाही. पाण्यासाठी आपण सरकारशी भांडलो, म्हणून कालव्याचं पाणी नाकारलं नाही, त्याच्या वाटपाचे नियम मागितले. इथंही तेच करायचं. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं. १८४८ साली त्यांनी अक्षरं बायांच्या हाती दिली, तेव्हाही लोक म्हणत होते की बाईनं वाचलं तर घर बुडेल. घर बुडालं नाही. आज अक्षरांबरोबर आकडे, खाती, फोटो असं आपलं सगळं आयुष्य संगणकात गेलं आहे. त्याची राखण परक्याच्या हाती सोपवून आपण निवांत बसू शकत नाही.

मी इथं थांबते. चहानंतर गावागावांचे गट करून बसू. तालुक्यातल्या प्राचार्यांना आणि पतसंस्थांच्या अध्यक्षांना द्यायचं निवेदन आज इथूनच लिहून न्यायचं आहे. कोणत्या मागण्या आधी घ्यायच्या ते तुम्ही ठरवा.